राजवाडे पाहावेत काय?

एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणण्यापूर्वी ती कोणाच्या श्रमाने, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या दुःखावर उभी राहिली याची चौकशी करणे पाहणाऱ्यावर बंधनकारक आहे काय? प्रश्न नवा नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, सौंदर्यविषयक निर्णयाची मीमांसा करताना, अगदी आरंभीच तो उपस्थित केला आहे. आणि त्यासाठी त्याने जे उदाहरण घेतले ते राजवाड्याचेच आहे. समोरचा राजवाडा सुंदर आहे काय, असे कोणी विचारले, तर एक जण म्हणेल की, लोकांनी केवळ आ वासून पाहत राहावे म्हणून केलेल्या वस्तू मला रुचत नाहीत. दुसरा, अमेरिकेतून पॅरिसला आलेल्या त्या मूळ रहिवाशांच्या नायकाप्रमाणे, म्हणेल की या शहरात खाद्यपदार्थांच्या दुकानांहून अधिक चांगले मला काहीच दिसले नाही. तिसरा रूसोच्या थाटाने, रयतेचा घाम असल्या निरुपयोगी गोष्टींवर उधळणाऱ्या थोरामोठ्यांची निर्भर्त्सना करील. यावर कांटचे उत्तर असे की, हे सर्व मी मान्य करीन, परंतु माझा प्रश्न हा नव्हेच. लाभहानीचा कसलाही विचार मनात न आणता, त्या वस्तूच्या नुसत्या दर्शनाने मला आनंद होतो की नाही, एवढेच मला पाहावयाचे आहे.

गेली पंचवीस वर्षे आम्ही हा उतारा महाविद्यालयात शिकवीत आलो आहो, आणि कांटने त्या तिसऱ्या मनुष्यास ज्या सफाईने बाजूस सारले तिची विद्यार्थ्यांपुढे वाखाणणीही करीत आलो आहो. गतवर्षी मे महिन्यात तो तिसरा मनुष्य आम्हांस प्रत्यक्षच भेटला. तो रूसोचा शिष्य नव्हता. त्या आमच्या ऐंशी वर्षांच्या मातोश्री होत्या. त्या भेटीपासून हा उतारा पूर्वीच्या निश्चिंतपणे शिकविणे आम्हांस जमेनासे झाले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची कन्या उच्च शिक्षणासाठी पॅरिस येथे असते. तिला भेटण्याच्या निमित्ताने मातोश्री, सौभाग्यवती आणि आम्ही असे तिघे टेंभी नाक्यावरून निघून तेथे गेलो होतो. एका शनिवारी चौघांनी मिळून व्हर्सायचा राजवाडा पाहण्याचे ठरविले. पॅरिसपासून हे गाव सुमारे २० किलोमीटर. आगगाडीने पाऊण तासाचाही रस्ता नाही. सौभाग्यवतींनी सवयीने दशम्या आणि लिंबाचे लोणचे बरोबर घेतले होते, आणि आम्ही सवयीने टिपणवही घेतली होती.

राजवाड्याचे वर्णन प्रवासवृत्तांतून इतक्या वेळा आले आहे की, येथे ते लांबवीत नाही. तेराव्या लुईने १६२३ साली शिकारीसाठी बांधलेले लहानसे घर चौदाव्या लुईने १६६१ पासून वाढवीत नेले, आणि १६८२ च्या मे महिन्यात आपला दरबार व राज्यकारभार तेथे हलविला. त्यातील आरसेमहाल ७३ मीटर लांब आहे. एका बाजूस बागेकडे उघडणाऱ्या १७ खिडक्या, आणि समोरच्या भिंतीत तितक्याच कमानींतून बसविलेले ३५७ आरसे. मोठे आरसे करण्याची विद्या त्या काळी व्हेनिसच्या कारागिरांच्या मुठीत होती; ती फ्रान्समध्ये आणण्यासाठी राजाचा मंत्री कोल्बेर याने १६६५ साली स्वतंत्र कारखाना काढविला, आणि त्याच कारखान्याचे आरसे येथे लागले आहेत. उन्हे आत आली की भिंत नाहीशी होते आणि दोन्हीकडे बागच आहे असा भास होतो.

या दालनात आमचे मन भरून आले, त्याचे कारण मात्र केवळ सौंदर्य हे नव्हते. १९१८ च्या डिसेंबरात दिल्लीस भरलेल्या राष्ट्रीय सभेने शांतता परिषदेसाठी आपले प्रतिनिधी म्हणून ज्यांची नावे पुढे केली त्यांत लोकमान्य टिळक होते. लोकमान्य तेव्हा चिरोल खटल्याच्या निमित्ताने लंडनमध्येच होते. परंतु पॅरिसला जाण्याचा परवाना सरकारने त्यांस दिला नाही. त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांस पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली, एवढेच त्यांच्या हाती उरले. २८ जून १९१९ रोजी याच आरसेमहालात तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्या, त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या. ज्या दालनाचे दार लोकमान्यांस बंद राहिले त्या दालनात ठाण्याचा एक मास्तर साधे तिकीट काढून, आईचा हात धरून उभा आहे, या विचाराने आम्हांस अभिमान वाटला. तो अभिमान अयोग्य होता असे आजही आम्ही म्हणणार नाही. पण अभिमानाने भरलेल्या मनात चौकशीला जागा राहत नाही, हे तेथून बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात कळून आले.

बागेत त्या दिवशी कारंजी सुरू होती. आपले ज्ञान पाजळण्याची खोड आमच्या व्यवसायाला लागलेलीच आहे. एका हौदाच्या काठी बसून आम्ही मातोश्रींस सांगू लागलो की, व्हर्सायला पाण्याचा जवळ मोठा साठा नाही. म्हणून सेन नदीवर मार्ली येथे १४ प्रचंड चाके आणि दोनशेंहून अधिक पंप बसवून १६८४ साली पाणी टेकडीवर चढविले. तरीही सर्व कारंजी एकदम चालविण्याइतके पाणी मिळेना; तेव्हा राजाची स्वारी जसजशी पुढे सरके तसतशा नोकरांनी शिट्ट्या देऊन पुढची कारंजी सोडावयाची आणि मागची बंद करावयाची, अशी व्यवस्था होती. मग १६८५ पासून लांबच्या यूर नदीचे पाणी कालव्याने आणण्याचा घाट घातला. त्या कामावर हजारो सैनिक लावले. दलदलीतील तापाने त्यांतील हजारो मेले. १६८८ साली युद्ध उभे राहिले आणि काम बंद पडले. मँतनों येथे त्या जलवाहिनीच्या अर्धवट कमानी अजून उभ्या आहेत. पाणी मात्र त्यांवरून व्हर्सायला कधीच आले नाही.

हे सारे आम्ही एक नवलाची गोष्ट म्हणून सांगत होतो. मातोश्रींनी ती तशी ऐकली नाही. त्यांचे माहेर मुरबाड तालुक्यातील. लग्न होऊन ठाण्यास येईपर्यंत चैत्र-वैशाखात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरणे त्यांनी केले आहे. त्यांनी विचारले, "म्हणजे नुसते उडवायला पाणी? आणि त्यापायी माणसे मेली?" आम्ही म्हटले, "हो, तसेच म्हणावे लागेल." "मग यात बघायचे ते काय, अरे?" असे म्हणून त्या उठल्या आणि पलीकडच्या बाकावर कारंजाकडे पाठ करून बसल्या. "तुम्ही बघून या. मी बसते इथे."

थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. मग सौभाग्यवती त्यांच्याजवळ जाऊन बसल्या व म्हणाल्या, "आई, आत दारावरची फुले कोरली आहेत ना, तो हात काही राजाचा नव्हता. तुम्ही पाठ फिरवलीत तर ती राजाला दिसणार नाही. ती त्या कारागिराकडे फिरवल्यासारखी होईल." कन्या म्हणाली, "आजी, त्या लोकांना जाऊन तीनशे वर्षे झाली. आपण पाहिले नाही म्हणून त्यांतले कोणी परत येणार आहे का? आणि आता हा वाडा राजाचा कुठे आहे? तो सगळ्यांचा आहे." मातोश्रींनी दोघींचे ऐकून घेतले. "तुमचे खरे असेल," त्या म्हणाल्या, "पण मला ते पाणी बघवत नाही."

परतीच्या गाडीत आणि त्यानंतर अनेक दिवस आम्ही या तीन मतांचा विचार करीत होतो. तो क्रमाने मांडतो.

प्रथम कांटचे म्हणणे. सौंदर्याचा प्रश्न आणि नीतीचा प्रश्न वेगळे आहेत, हे त्याचे म्हणणे आम्हांस अद्यापि खरे वाटते. आरसेमहाल ज्या पैशाने बांधला तो पैसा अन्यायाचा होता असे सिद्ध झाल्याने त्याची प्रमाणबद्धता बिघडत नाही. आणि कोणी पुण्यवान पुरुषाने बांधली म्हणून बेढब इमारत सुबक होत नाही. परंतु प्रश्न दोन असले तरी ते ज्याला पडतात तो मनुष्य एकच असतो. न्यायाधीशापुढे दोन खटले वेगळे चालावेत हे योग्य. म्हणून एका खटल्याचा निकाल दिल्यावर दुसऱ्याचे कागद फाडून टाकावेत असे नव्हे. कांटने दुसरा प्रश्न नाकारला नाही, बाजूस ठेवला. आम्ही शिकविताना तो बाजूस ठेवीत होतो आणि पुन्हा कधीच हाती घेत नव्हतो. चूक असेल तर ती कांटची नसून आमची आहे.

दुसरे म्हणणे अर्थशास्त्राच्या अंगाने येते, आणि ते आमच्या घरात कोणी काढले नाही तरी सुशिक्षितांच्या तोंडी नेहमी असते. श्रीमंतांच्या चैनीवर गरिबांच्या चुली पेटतात, हा विचार मँडेव्हिलने १७१४ साली आपल्या मधमाश्यांच्या कथेत निर्भीडपणे मांडला. त्यात तथ्य नाही असे नाही. पुण्याचा आगाखान राजवाडा १८९२ साली बांधला तो दुष्काळाने गांजलेल्या लोकांस काम मिळावे या हेतूने. जोधपूरचा उमेदभवन राजवाडा १९२९ ते १९४३ या काळात उभा राहिला, त्यामागेही हाच हेतू सांगतात. व्हर्सायच्या मजुरांसही मजुरी मिळत होती. जखमी झालेल्यांस आणि मेलेल्यांच्या विधवांस रकमा दिल्याच्या नोंदी तेथील बांधकामाच्या हिशेबांत आहेत. परंतु माणसे जगावीत म्हणून वाडा बांधणे निराळे, आणि वाडा व्हावा म्हणून माणसे वापरणे निराळे. पहिल्या प्रकारात काम थांबविण्याचा प्रसंग आला तर दुष्काळ संपला का, हे पाहतात. दुसऱ्यात राजाची हौस फिटली का, हे पाहतात. व्हर्सायच्या बाबतीत काय पाहिले गेले हे स्पष्ट आहे. १६७८ साली मादाम द सेव्हिन्ये या सरदारकुळातील बाईने आपल्या एका पत्रात, मेलेल्या मजुरांनी भरलेल्या गाड्या तेथून रात्री बाहेर काढतात असे लिहून ठेवले आहे. गाड्या रात्री निघत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिवाय मजुरीचा हा पैसा मुळात शेतकऱ्यांच्याच करातून येत होता, आणि त्या मुख्य करातून सरदार व धर्मगुरू बव्हंशी मुक्त होते. १६९३-९४ च्या दुष्काळात त्या देशात दहा लाखांहून अधिक माणसे मेली. राजवाडा तेव्हा भरभराटीत होता. ज्याच्या खिशातून रुपया काढला त्यालाच मजुरी म्हणून चार आणे परत देणे, यास पोशिंदेपणा म्हणता येत नाही.

तिसरे म्हणणे आमच्या कन्येचे. काळ लोटला की दोष सरतो काय? येथे मातोश्रींच्या भूमिकेची कठीण बाजू दिसते. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळचे. वरून खाली डोंगर फोडीत ते कोरले. त्यात किती हात जायबंदी झाले, किती माणसे कड्यावरून पडली, याची एकही नोंद आपल्यापाशी नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री तेथे गेल्या होत्या, आणि त्यांनी हात जोडले होते. नोंद नाही म्हणून दुःख नव्हते असे होत नाही. तेव्हा दुःखाचा डाग असलेली प्रत्येक वस्तू वर्ज्य मानावयाची तर देवळे, किल्ले, लेणी, पूल, आगगाडीचे घाट यांपैकी फारच थोडे शिल्लक राहील. टॉलस्टॉयने कलेवरील आपल्या निबंधाच्या आरंभी संगीत नाटकाच्या एका तालमीचे वर्णन करून, एवढ्या माणसांच्या हालअपेष्टांनी सिद्ध होणारी ही कला तेवढ्या मोलाची आहे काय, असे विचारले आहे. प्रश्न विचारणे योग्यच. परंतु त्याचे उत्तर देता देता तो इतका पुढे गेला की स्वतःच्या कादंबऱ्यांपैकी बहुतेक सर्व त्याला निकालात काढाव्या लागल्या. या मार्गाने गेल्यास मेलेल्यांस न्याय मिळत नाही आणि जिवंत माणसे मात्र दरिद्री होतात. सौभाग्यवतींचे म्हणणे येथे लागू पडते: वाडा राजाच्या नावावर असला तरी हात कारागिराचा आहे, आणि आपण न पाहिल्यास पहिला तोटा त्याचाच.

मग मातोश्रींचे चुकले असे म्हणावयाचे काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांनी राजवाडा पाहू नये असा नियम केला नव्हता; त्या दिवशी, ती हकीकत ऐकल्यावर, ते पाणी त्यांस पाहवले नाही इतकेच. वेरूळास त्यांना कोणी हकीकत सांगितली नव्हती. व्हर्सायला ती आम्हीच सांगितली होती, आणि सांगूनही आमच्या स्वतःच्या पाहण्यात तिळमात्र फरक पडला नव्हता. विसंगती असेल तर ती त्यांच्यापेक्षा आमच्यात अधिक होती. ज्ञान आमच्यापाशी होते आणि वेदना त्यांना झाली.

विचारांती आम्हांस असे वाटते की, राजवाडा पाहणे यात पाप नाही. तो त्याच्या धन्याच्या इच्छेप्रमाणे पाहणे यात आहे. असल्या इमारतीची रचनाच पाहणाऱ्यास काही गोष्टी दिसू नयेत अशी केलेली असते. आरसेमहालात उभे राहिले की एका बाजूस बाग दिसते, दुसऱ्या बाजूस तीच बाग आणि तिच्यामध्ये आपण स्वतः. रात्रीची गाडी दोन्हीकडे दिसत नाही. तेवढेच पाहून जो बाहेर येतो तो तीन शतकांनंतरही त्या राजाचा दरबारी झाला असे समजावे. उलट ज्याला बागही दिसते आणि गाडीही आठवते, त्याने तो वाडा खऱ्या अर्थाने प्रजेचा केला. त्याचा आनंद कमी होईल. पण तो आनंद त्याच्या मालकीचा असेल.

हा निर्णय आम्हांस समाधानकारक वाटला, आणि येथेच थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु मेलेल्या राजाचा निषेध करण्यास काहीच खर्च येत नाही. ज्या आठवणीपायी आपणांस काही सोडावे लागत नाही ती आठवण म्हणजे निराळ्या प्रकारचा अलंकारच होय.

मेअखेरीस आम्ही ठाण्यास परत आलो. घरी कामास येणाऱ्या बाई रजेवर होत्या. त्या शहापूर तालुक्यातील एका पाड्यावरच्या. गेली अकरा वर्षे त्या दर उन्हाळ्यात पंधरा दिवस गावी जातात, आणि ही रजा शेतीच्या किंवा लग्नाच्या कामासाठी असावी असे आम्ही समजत होतो. मातोश्रींनी सहज सांगितले की, त्या पाणी भरण्यास जातात. म्हाताऱ्या सासूला हंडा उचलवत नाही, आणि पाड्यावर टँकर येईल तेव्हा घरात कोणीतरी हजर असावे लागते. मातोश्रींना हे ठाऊक होते, कारण त्यांनी विचारले होते.

वाचकांपैकी अनेकांस माहीत असेल की, मुंबईला पाणी पुरविणारी तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे काम १८९२ साली पुरे झाले. ठाणे शहरही भातसेचेच पाणी पिते. आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर, धरणांच्या उशाशी, दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वर्तमानपत्रांत ही बातमी दर वर्षी येते, आणि दर वर्षी आम्ही ती वाचतो.

येथे तोल सांभाळणे अवश्य आहे. ठाणे म्हणजे व्हर्साय नव्हे. लाखो माणसांची तहान ही राजाची हौस नव्हे, आणि शहराने पाणी पिणे हा गुन्हा नव्हे. परंतु पिण्याचे पाणी आणि कारंजाचे पाणी आपल्याकडे एकाच नळाने येते. त्यांतील भेद नळ करीत नाही, तो आपणांस करावा लागतो. घोडबंदर रस्त्याला उभ्या राहिलेल्या गगनचुंबी वसाहतींस परदेशी राजवाड्यांच्या धाटणीची नावे असतात, दाराशी कारंजी आणि गच्चीवर पोहण्याचे तलाव असतात. त्यांकडे बोट दाखविणे सोपे आहे. आम्ही टेंभी नाक्यावरच्या साध्या इमारतीत राहतो; आमच्या दाराशी कारंजे नाही. मात्र आमची मोटार रोज सकाळी आवारात नळी लावून धुतली जात असे. ती नळी सुटली की पाणी उडे, आणि लहान मुले त्यात खेळत. इतकी वर्षे आम्ही ते गॅलरीतून कौतुकाने पाहत होतो. ते आमचे कारंजे होते, आणि ते ज्या पाण्यावर चालत होते ते कोठून आले याची हकीकत आम्हांस तोंडपाठ होती.

मोटार आता आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसली जाते. एवढ्याने शहापूरच्या पाड्यावर एक हंडाही अधिक पोहोचत नाही, हे आम्हांस कळते. त्यासाठी जे करावयास हवे ते योजनांचे, निधीचे आणि नागरिक म्हणून मागणी लावून धरण्याचे काम आहे. शहराने आपल्या पाण्याबरोबर त्या पाड्यांची जबाबदारीही उचलावी असा आग्रह शहरातल्यांनीच धरला पाहिजे. फडक्याने फक्त आमची नजर थोडी पुसली गेली असेल. परंतु ज्याची नजर पुसलेली नाही तो मागणी तरी कशाची करणार?

मृगाचा पाऊस झाल्यावर बाई परत आल्या. त्यांच्या पाड्याचे नाव काय आणि विहीर घरापासून किती लांब आहे, हे आम्ही प्रथमच विचारले. त्यांनी सांगितले, आणि मग जरा चपापून विचारले, "का हो, सर?" आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. आत मातोश्री गवार मोडीत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले, पण त्याही काही बोलल्या नाहीत.

यंदा कांटचा तो उतारा आम्ही पुन्हा शिकविला. राजवाडा सुंदर आहे, हे पूर्वीप्रमाणेच मान्य करून घेतले. नंतर बाजूस ठेवलेला दुसरा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि तास संपेपर्यंत तो पुसला नाही.